वाचकांचे प्रश्न : वर्दी उतरल्यावरची खुर्ची

नायजेरियात १९९९ पासून निवडून आलेले पाच राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांपैकी दोघांनी त्याआधी लष्करशहा म्हणून देशावर राज्य केले होते, असे एक वाक्य गेल्या अंकातील टिपणात ओझरते येऊन गेले. त्या वाक्याने बऱ्याच वाचकांना विचारात टाकले असावे, कारण या महिन्यातील बहुतेक पत्रे त्याच देशाविषयी आहेत. म्हणून हा अंक पूर्णपणे त्यांच्यासाठी.

प्रश्न : १९९९ मध्ये लष्कराने ज्यांच्या हाती सत्ता दिली ते ओलुसेगुन ओबासांजो स्वतःच माजी सेनाधिकारी. मग याला लोकशाहीकडे झालेले सत्तांतर का म्हणावे? सेनापतींनी आपलाच माणूस गादीवर बसवला, असे म्हणणे अधिक खरे ठरणार नाही का?

उत्तर : आपला संशय निराधार नाही, त्या वेळी खुद्द नायजेरियातही तो उघडपणे बोलून दाखवला जात होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये मुर्तला मुहम्मद यांची हत्या झाल्यावर लष्करी शासनाची सूत्रे ओबासांजो यांच्याकडे आली आणि १ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांनी ती निवडून आलेल्या शेहू शगारी यांच्या स्वाधीन केली. आपण होऊन मुलकी सरकारकडे कारभार सोपवणारे ते नायजेरियाचे पहिले लष्करी शासनप्रमुख. ती लोकशाही चार वर्षे टिकली. ३१ डिसेंबर १९८३ रोजी सैन्य पुन्हा आले आणि मुहम्मदू बुहारी सत्तेवर बसले. १९८५ मध्ये त्यांनाही बाजूला सारून इब्राहिम बाबांगिडा आले. बाबांगिडा यांनी १२ जून १९९३ रोजी निवडणूक घेतली आणि मोशूद अबिओला जिंकत आहेत असे दिसताच ती रद्द केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आलेल्या सानी अबाचा यांनी पुढे अबिओलांना तुरुंगात टाकले आणि १९९५ मध्ये ओबासांजो यांनाही कटाच्या आरोपावरून गजाआड केले. ८ जून १९९८ रोजी अबाचा अचानक मरण पावले, महिनाभरातच, ७ जुलैला, अबिओलाही कोठडीत मरण पावले, आणि नवे शासनप्रमुख अब्दुलसलामी अबुबकर यांनी वर्षभरात निवडणूक उरकून बराकीत परतण्याचा मार्ग धरला.

हा सगळा पट डोळ्यांसमोर असेल, तर ओबासांजो यांचीच निवड का झाली ते उलगडते. सेनापतींना ते आपल्यातले वाटत होते, जनतेला ते अबाचांचे कैदी म्हणून ठाऊक होते, आणि अबिओलांप्रमाणेच ते नैऋत्येकडील योरुबा समाजाचे असल्यामुळे १९९३ च्या अन्यायाची भरपाई झाली असे सांगता येत होते. गंमत अशी की २७ फेब्रुवारी १९९९ च्या मतदानात सुमारे ६३ टक्के मते मिळवूनही ओबासांजो नेमके योरुबा प्रदेशातच हरले. ज्यांची समजूत काढायची होती, त्यांची ती निघाली नव्हती.

तरीही 'आपलाच माणूस' एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. पदग्रहणानंतर अवघ्या काही दिवसांत त्यांनी लष्करी राजवटीत राजकीय पदे भोगलेल्या ९३ अधिकाऱ्यांना निवृत्त केले. नायजेरियात उठाव कोण करत असे, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे वजन कळेल. एकदा प्रांताचे गव्हर्नरपद किंवा मंत्रिपद चाखलेला अधिकारी पुन्हा कवायतीच्या मैदानावर रमत नसे, आणि पुढच्या उठावाची बैठक बहुधा त्याच्याच दिवाणखान्यात भरत असे. सैन्यातली ही नातीगोती आतून माहीत असलेल्या माणसालाच ती एका झटक्यात तोडता आली. कधी वर्दी न घातलेल्या राष्ट्राध्यक्षाने पहिल्याच महिन्यात हे धाडस केले असते, तर त्याचा दुसरा महिना उजाडला असता की नाही, याची मला शंका आहे.

परंतु याच नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती काळी आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील ओडी या गावात पोलिसांच्या हत्येनंतर सैन्य पाठवले गेले आणि ते गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले. २००१ मध्ये बेन्वे राज्यातील झाकी बिआम येथे सैनिकांनी तसेच सूडसत्र चालवले. लष्करी काळातील अत्याचारांच्या चौकशीसाठी माजी न्यायमूर्ती चुकवुदिफू ओपुटा यांचा आयोग ओबासांजो यांनीच नेमला होता. बुहारी, बाबांगिडा आणि अबुबकर हे तिन्ही माजी शासनप्रमुख त्याच्यापुढे आले नाहीत. त्यांना आणण्याची जबरदस्ती कोणी केली नाही, आणि आयोगाचा अहवालही सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही.

प्रश्न : नायजेरियाची अध्यक्षीय पद्धत ही अमेरिकेची नक्कल आहे, असे वाचले. ते कितपत खरे?

उत्तर : सांगाडा तिथला आहे: चार वर्षांची मुदत, दोनच कार्यकाळ, १०९ सदस्यांचे सिनेट, ३६० सदस्यांचे प्रतिनिधिगृह, नकाराधिकार आणि महाभियोग. १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा मात्र तेथे ब्रिटिश धर्तीची संसदीय पद्धत होती आणि अबुबकर तफावा बालेवा पंतप्रधान होते. जानेवारी १९६६ च्या उठावात ते मारले गेले, पुढे १९६७ ते १९७० असे यादवी युद्ध झाले, आणि तीन प्रदेशांतील तीन बलाढ्य पक्षांच्या भांडणाने देश फुटला, असा निष्कर्ष लष्करी राज्यकर्त्यांनी काढला. म्हणून सत्तरीच्या दशकात नवी घटना घडवताना त्यांना साऱ्या देशाने निवडलेला एकच प्रमुख हवा होता.

नायजेरियाने त्यात घातलेली खास स्वतःची भर म्हणजे मतांच्या पसरटपणाची अट. सर्वाधिक मते मिळणे पुरेसे नाही. किमान दोन तृतीयांश राज्यांपैकी प्रत्येकात निदान एक चतुर्थांश मते मिळायला हवीत. एका समाजाचा, एका दिशेचा उमेदवार देशप्रमुख होऊ नये, हा हेतू. पहिल्याच निवडणुकीत, १९७९ मध्ये, या अटीने सर्वांना पेचात पकडले. तेव्हा राज्ये होती १९, आणि त्यांचे दोन तृतीयांश होतात बारा पूर्णांक दोन तृतीयांश. शगारी यांना १२ राज्यांत हवी तेवढी मते होती आणि तेराव्या कानो राज्यात सुमारे २० टक्केच होती. निवडणूक आयोगाने असे गणित मांडले की बारा राज्ये पूर्ण आहेत, उरला प्रश्न कानोच्या दोन तृतीयांश भागाचा, आणि तेवढ्यापुरती मते पुरेशी आहेत. पराभूत उमेदवार ओबाफेमी अवोलोवो सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. राज्याचे दोन तृतीयांश म्हणजे नेमका कोणता तुकडा, या विनोदाला तेथे अजूनही मरण नाही.

आता राज्ये ३६ असल्यामुळे अपूर्णांक उरला नाही, पण २०२३ मध्ये एक उभयान्वयी अव्यय आडवे आले. घटनेत 'दोन तृतीयांश राज्ये आणि राजधानी क्षेत्र अबुजा' असे शब्द आहेत. विजयी ठरलेल्या बोला टिनुबू यांना अबुजात एक चतुर्थांश मते नव्हती. 'आणि'चा अर्थ अबुजात वेगळी अट पुरी करावी असा आहे, हे विरोधकांचे म्हणणे २६ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. अबुजाला इतर राज्यांसारखेच एक गणावे, असे ठरले.

प्रश्न : गव्हर्नर स्वतंत्रपणे निवडून येतात, संघराज्य आहे, तरीही राष्ट्राध्यक्ष एवढा शिरजोर कसा?

उत्तर : माझ्या मते साऱ्या पत्रांतला हा सर्वांत मूलगामी प्रश्न आहे. नायजेरियात लष्कर खुर्चीवरून उठले, पण खुर्ची त्याच्याच मापाची राहिली. १९९९ ची घटना 'आम्ही लोक' अशा शब्दांनी सुरू होत असली, तरी ती अब्दुलसलामी अबुबकर यांच्या लष्करी शासनाच्या फर्मानाने, मे १९९९ मध्ये, अमलात आली. मतदान फेब्रुवारीत उरकले होते, म्हणजे आपण निवडत असलेल्या राष्ट्राध्यक्षाला कोणते अधिकार असतील, याचा अधिकृत मजकूर मतदारांनी मत देऊन झाल्यावर पाहिला.

राज्यांचा नकाशाही बराकीतच आखला गेला. १९६७ मध्ये लष्करी शासनप्रमुख याकुबू गोवॉन यांनी तेव्हाचे चार प्रदेश मोडून १२ राज्ये केली, १९७६ मध्ये ती १९ झाली, बाबांगिडा यांनी संख्या ३० वर नेली आणि अबाचांनी १९९६ मध्ये ३६ वर. त्यानंतर, लोकशाहीच्या सबंध काळात, एकही राज्य वाढलेले नाही. एवढ्या लहान तुकड्यांपैकी बहुतेकांना स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहता येत नाही. तेलाचा पैसा केंद्राकडे जमा होतो, तेल काढले जाते त्या राज्यांना किमान १३ टक्के वेगळे काढून बाकीचे वाटप होते, आणि दरमहा त्या वाटपाकडे डोळे लावून बसणे हेच अनेक गव्हर्नरांचे अर्थकारण असते. पोलीस दलही देशभर एकच असून त्याचा महानिरीक्षक राष्ट्राध्यक्ष नेमतात. गव्हर्नरला राज्याचा मुख्य सुरक्षाधिकारी म्हणण्याची रीत आहे, मात्र त्याच्या आज्ञेत वागणारी तुकडी त्याच्याकडे नसते.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो, हे २००४ मध्ये लागोस राज्याने अनुभवले. राज्याने नव्या स्थानिक परिषदा निर्माण केल्या, त्या ओबासांजो यांना घटनाबाह्य वाटल्या आणि त्यांनी लागोसच्या स्थानिक संस्थांचा केंद्राकडून येणारा निधी रोखला. असा निधी रोखण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात दिला. तरीही कोंडी कायम राहिली, आणि अडकलेला पैसा मोकळा झाला तो २००७ मध्ये, पुढच्या राष्ट्राध्यक्षांच्या हातून. त्या वेळी लागोसचे गव्हर्नर होते बोला टिनुबू. हे नाव शेवटच्या उत्तरापर्यंत लक्षात ठेवावे.

प्रश्न : अशा राष्ट्राध्यक्षाला कोणी कधी अडवले आहे का?

उत्तर : होय, आणि माझ्या दृष्टीने तेथील लोकशाहीचा खरा इतिहास राष्ट्राध्यक्षांच्या कर्तृत्वापेक्षा या अडवणुकींतच वाचावा. २००० मध्येच संसदेने ओबासांजो यांचा नकाराधिकार दोन तृतीयांश मतांनी डावलून नायजर त्रिभुज प्रदेशाच्या विकास आयोगाचा कायदा संमत केला. मोठी परीक्षा आली ती २००६ मध्ये. शंभराहून अधिक घटनादुरुस्त्यांच्या एका गठ्ठ्यात राष्ट्राध्यक्षाला तिसरा कार्यकाळ देणारी तरतूद घालण्यात आली होती. आफ्रिकेतील अनेक देशांत अशा दुरुस्त्या बिनबोभाट पार पडलेल्या होत्या. ओबासांजो यांच्या पक्षाकडे दोन्ही सभागृहांत बहुमत होते, आणि आदल्याच वर्षी पॅरिस क्लबच्या धनको देशांकडून सुमारे १८ अब्ज डॉलरचे कर्ज माफ करून घेतल्यामुळे त्यांचे वजनही वाढलेले होते. १६ मे २००६ रोजी सिनेटने तो गठ्ठाच्या गठ्ठा फेटाळला. ओबासांजो यांनी निर्णय मानला. आपण तिसरी मुदत मागितलीच नव्हती, असे ते पुढे सांगत राहिले. ते खरे मानावे की नाही हे वाचकांनी ठरवावे, पण त्या दिवशी सैन्याकडे कोणी पाहिले नाही, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

यानंतरचा पेच वेगळ्याच प्रकारचा होता. २००७ च्या निवडणुकीत गैरप्रकारांचा कहर झाला होता आणि तीतून आलेल्या उमारू यारअदुआ यांनी पदग्रहणाच्या भाषणातच तिच्यातील उणिवा मान्य केल्या होत्या. असा कबुलीजबाब देणारा विजेता विरळाच. (त्यांचे थोरले बंधू शेहू मुसा यारअदुआ हे सत्तरीच्या दशकात ओबासांजो यांचे लष्करातील दुसऱ्या क्रमांकाचे सहकारी होते आणि अबाचांच्या तुरुंगातच मरण पावले. या देशाच्या राजकारणात घराणी, तुरुंग आणि छावण्या अशा एकमेकांत गुंतलेल्या आहेत.) नोव्हेंबर २००९ मध्ये यारअदुआ उपचारांसाठी सौदी अरेबियाला गेले आणि उपराष्ट्राध्यक्षांकडे कारभार सोपवणारे पत्र त्यांनी संसदेला पाठवले नाही. पत्राशिवाय अधिकार हस्तांतरित होत नव्हते. कित्येक आठवडे देशाला राष्ट्राध्यक्ष होता, पण दिसत नव्हता. त्याच्या भोवतीचे मोजके लोक त्याच्या नावाने बोलत होते.

जुन्या काळी अशी पोकळी पाहून रणगाडे बाहेर पडले असते. या वेळी ९ फेब्रुवारी २०१० रोजी संसदेने 'अपरिहार्यतेच्या तत्त्वा'चा आधार घेतला, आजारी राष्ट्राध्यक्षांनी बीबीसीला दिलेली मुलाखत हीच अनुपस्थितीची सूचना मानली आणि गुडलक जोनाथन यांना कार्यवाहक राष्ट्राध्यक्ष केले. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने ही ओढाताणच होती. म्हणून त्याच वर्षी घटना दुरुस्त केली गेली: पत्र २१ दिवसांत आले नाही, तर संसद स्वतः ठराव करून उपराष्ट्राध्यक्षाकडे सूत्रे देऊ शकते. यारअदुआ ५ मे २०१० रोजी वारले. २०१७ मध्ये बुहारी लंडनमध्ये शंभरावर दिवस उपचार घेत होते, तेव्हा त्यांनी जाण्यापूर्वी पत्र पाठवले, उपराष्ट्राध्यक्ष येमी ओसिनबाजो यांनी कारभार पाहिला आणि त्यात विशेष काही घडले असे कोणाला वाटलेही नाही.

प्रश्न : नायजेरियाचा लोकशाही दिन २९ मे की १२ जून?

उत्तर : आता १२ जून. २९ मे हा १९९९ मधील सत्ताग्रहणाचा दिवस असून नवे राष्ट्राध्यक्ष आजही त्याच दिवशी शपथ घेतात. २०१८ मध्ये बुहारी यांनी अबिओलांना मरणोत्तर सर्वोच्च सन्मान देऊन १२ जून हा लोकशाही दिन जाहीर केला. १९८३ मध्ये निवडून आलेले सरकार उलथल्यावर ज्यांच्या हाती देश आला होता, त्यांनीच हे करावे, यात काहींना प्रायश्चित्त दिसले आणि काहींना योरुबा मतांची बेगमी. १९९३ मध्ये अबिओलाच जिंकले होते, हे बाबांगिडा यांनी जाहीरपणे मान्य केले ते २०२५ मध्ये.

प्रश्न : २०१५ मध्ये पराभूत राष्ट्राध्यक्षाने केलेल्या एका दूरध्वनीचे इतके कौतुक का होते?

उत्तर : कारण तोवर पदावरचा राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत हरण्याची घटना नायजेरियात एकदाही घडली नव्हती. बोको हराम या दहशतवादी संघटनेविरुद्धच्या मोहिमेचे कारण देऊन मतदान १४ फेब्रुवारीवरून २८ मार्चवर ढकलले गेले होते आणि यामागे डाव आहे, अशी कुजबुज होती. २०११ च्या निकालानंतर उत्तरेत उसळलेल्या हिंसाचारात शेकडो लोक मारले गेले होते, ती आठवण ताजी होती. निवडणूक आयोगाचे प्रमुख अताहिरू जेगा दूरचित्रवाणीवर एकेका राज्याचा निकाल शांतपणे वाचत असताना, अंतिम घोषणा होण्यापूर्वीच, ३१ मार्च रोजी जोनाथन यांनी बुहारी यांना दूरध्वनी करून अभिनंदन केले. बुहारी यांना १ कोटी ५४ लाखांवर मते होती, जोनाथन यांना १ कोटी २८ लाखांवर. त्या एका संभाषणाने न्यायालयातील आणि रस्त्यावरील लढाईचे निमित्तच संपवले. जोनाथन यांच्या कारभाराविषयी माझे मत फारसे चांगले नाही. भ्रष्टाचाराबाबतचा त्यांचा ढिलेपणा आणि चिबोकच्या शाळकरी मुलींच्या अपहरणानंतरचा विलंब विसरता येत नाही. परंतु पद सोडताना माणूस कसा वागतो, हाही नेतृत्वाच्या मोजमापाचा भाग असेल, तर त्या रकान्यात त्यांच्या वर कोणाचे नाव लिहावे ते मला सुचत नाही.

चौथ्या प्रयत्नात निवडून आलेल्या बुहारी यांनी स्वतःला सुधारलेला लोकशाहीवादी म्हणवून घेतले होते. दोन कार्यकाळ संपताच ते निमूटपणे गेले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. मात्र २०१९ च्या निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी सरन्यायाधीशांना निलंबित केले, ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुणांवर लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, आणि २०२१ मध्ये ट्विटरने त्यांचा एक मजकूर काढून टाकल्यानंतर लगेच ते देशात सात महिने बंद राहिले.

प्रश्न : टिनुबू तर लष्कराविरुद्ध लढलेले. आता तरी जुने वळण सुटले का?

उत्तर : अबाचांच्या काळात टिनुबू यांना परागंदा व्हावे लागले होते, हे खरे. पण २०२३ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षपद मिळाले ते सुमारे ८८ लाख मतांवर. नोंदणी झालेले मतदार होते ९ कोटी ३० लाखांहून अधिक, आणि मतदान करणारे अडीच कोटींच्या आसपास. बाकीचे घरी का राहिले, याचे एकच कारण सांगता येणार नाही. पण इतक्या अरुंद पायावर इतकी अवजड खुर्ची उभी आहे, हे ध्यानात असू द्यावे.

वळणाविषयी विचाराल तर आणीबाणीचा दाखला पुरेसा आहे. २००४ मध्ये ओबासांजो यांनी प्लॅटू राज्यात आणीबाणी लावून गव्हर्नर व विधिमंडळ सहा महिन्यांसाठी निलंबित केले आणि प्रशासक म्हणून एक निवृत्त मेजर जनरल नेमला. २००६ मध्ये एकिटी राज्यात हेच झाले, आणि प्रशासक या वेळीही निवृत्त सेनाधिकारीच होते. घटनेतील आणीबाणीच्या कलमात गव्हर्नरला दूर करण्याचा उल्लेख नाही. २०१३ मध्ये बोर्नो, योबे आणि अदमावा या बंडखोरीने पोळलेल्या राज्यांत जोनाथन यांनी आणीबाणी पुकारली, तेव्हा तिन्ही गव्हर्नर आपापल्या जागी राहिले. आता ही घातक प्रथा मोडली, असे तेव्हा अनेकांना वाटले होते.

१८ मार्च २०२५ रोजी टिनुबू यांनी तेलसमृद्ध रिव्हर्स राज्यात आणीबाणी जाहीर केली, निवडून आलेले गव्हर्नर, उपगव्हर्नर आणि विधिमंडळ यांना सहा महिन्यांसाठी निलंबित केले आणि नौदलाचे एक निवृत्त व्हाइस ॲडमिरल राज्यावर नेमले. अशा घोषणेला संसदेच्या प्रत्येक सभागृहाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. दोन्ही सभागृहांनी ती दोन दिवसांत, आवाजी मतदानाने दिली. त्यामुळे 'होय' म्हणणारे नेमके किती होते, हे कामकाजाच्या नोंदीवरून मोजता येत नाही.